पैशाचे महत्त्व कमी होणार असेल, तर मिळकतीचा विचार करावा का?

प्रश्न : बारावीनंतर फिजिओथेरपी शिकायची माझी इच्छा आहे. वडिलांना वाटते की मी संगणकशास्त्र घ्यावे, कारण तिकडे पगार जास्त आहे. पण यंत्रे सगळेच स्वस्त करणार असतील आणि वीस वर्षांनी पैशाला फारसे महत्त्वच उरणार नसेल, तर मी मिळकतीचा विचार करावा तरी का?

उत्तर : तुझी निवड मला पटते, पण तिच्यासाठी दिलेले कारण पटत नाही. चुकीच्या कारणाने घेतलेला योग्य निर्णयही अडचणीच्या दिवसांत डळमळतो, म्हणून आधी त्या कारणाविषयीच लिहितो.

यंत्रांमुळे बऱ्याच गोष्टी स्वस्त होतात, एवढ्यापुरते तुझ्या म्हणण्यात तथ्य आहे. मानवी जनुकसंच, म्हणजे माणसाच्या आनुवंशिक माहितीचा पूर्ण साठा, वाचण्याचा प्रकल्प २००३ मध्ये पूर्ण झाला, तेव्हा त्यावर सुमारे ३ अब्ज डॉलर खर्ची पडले होते. आज एका व्यक्तीचा जनुकसंच हजार डॉलरच्या आत वाचून मिळतो. नकाशे, ज्ञानकोश, भाषांतर यांसाठी एकेकाळी पदरमोड करावी लागे, हे तुझ्या पिढीला सांगूनही खरे वाटणार नाही.

मात्र पुढे मिळकतीची चिंता उरणार नाही, हा अंदाज नवा नाही. शंभर वर्षांत माणसाला आठवड्याला १५ तासांचे काम पुरेल, असे अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३० मध्येच लिहिले होते. विकसित देशांतील दरडोई उत्पन्न त्यांच्या अपेक्षेप्रमाणे कित्येक पटींनी वाढले, पण कामाचे तास त्या मानाने घटले नाहीत. एक तर माणसाच्या गरजा वाढत गेल्या, आणि जमीन किंवा मोक्याच्या ठिकाणचे घर कोणत्याही यंत्रातून बाहेर पडत नाही. शिवाय स्वस्ताईचा लाभ बहुधा आधी यंत्राच्या मालकाच्या पदरात पडतो; तो इतरांपर्यंत किती पोहोचेल, हे कर, वेतन आणि सार्वजनिक सेवा यांबाबत समाज काय ठरवतो यावर अवलंबून राहते. हा निर्णय तुझ्या बाजूने आणि तुझ्या सोयीच्या वेळी होईल असे गृहीत धरून शिक्षणासाठी कर्ज काढू नकोस, असे मी कळकळीने सांगतो.

आता तुझ्या आवडीच्या कामाकडे पाहू. मनगटाचे हाड जुळून प्लास्टर निघते, तेव्हा बोटे आखडलेली असतात. फिजिओथेरपिस्ट एका हाताने मनगटाला आधार देते, दुसऱ्या हाताने एकेक सांधा हळूहळू वाकवते आणि कुठे थांबायचे हे रुग्णाचा चेहरा पाहून ठरवते. या अर्ध्या तासाची पाच मिनिटे करता येत नाहीत. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये चार वादकांच्या मैफलीचे उदाहरण देऊन हेच दाखवले होते : रचना वाजवायला पूर्वीइतकीच माणसे आणि पूर्वीइतकाच वेळ लागतो, त्यामुळे इतर वस्तू स्वस्त होत गेल्या की असे काम त्यांच्या तुलनेत महाग होत जाते. म्हणजे ज्या कारणाने तू पैसा गौण मानतेस, त्याच कारणाने माणसाच्या हातच्या कामाचे मोल वाढण्याचा संभव आहे. ते मोल काम करणाऱ्याच्या हाती पडेलच, अशी खात्री मात्र नाही. शुश्रूषेची अनेक कामे आजही अपुऱ्या वेतनावर चालतात, आणि वडिलांची काळजी इथे रास्त आहे.

म्हणून प्रवेशाआधी एखाद्या उपचार केंद्रात परवानगी घेऊन पंधरा दिवस बसून बघ. तिथे नव्याने रुजू झालेल्यांना सुरुवातीचा पगार किती आणि पाच वर्षांनंतर किती, हे विचारून घे. मग एका वहीत अभ्यासक्रमाचा पूर्ण खर्च, कर्जाचा हप्ता आणि तो फेडायला लागणारे महिने मांड. संगणकशास्त्राचाही तसाच हिशेब शेजारच्या पानावर कर, आणि ती दोन्ही पाने वडिलांसोबत बसून वाच.