कूस बदलताना येणाऱ्या चक्करेवर फॅमिली डॉक्टर गोळ्यांशिवाय उपचार करू शकतात का?

आपल्या आईंना कूस बदलताना चक्कर येते आणि फॅमिली डॉक्टरांनी गोळ्या न देता, मान एका बाजूला वळवून त्यांना झटकन आडवे करून तपासले, हे योग्य होते का, असे आपण विचारले आहे. मी स्वतः जनरल प्रॅक्टिस करतो. माझ्या मते ते योग्यच होते.

चक्कर केव्हा येते आणि किती वेळ टिकते, यावर आमचे निम्मे निदान होते. उभे राहताच डोळ्यांसमोर अंधारी येत असेल, तर आडवे असताना आणि उभे राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत रक्तदाब मोजावा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर चालू औषधे तपासावी लागतात. मात्र कूस बदलताना किंवा माळ्याकडे मान वर करताना खोली गरगर फिरते आणि मिनिटाच्या आत थांबते, तेव्हा दोष बहुधा अंतःकर्णात असतो. तेथील कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरतात आणि डोके स्थिरावल्यावरही ते फिरतच असल्याचा संदेश मेंदूला मिळत राहतो. आपण वर्णिलेली तपासणी डिक्स आणि हॉलपाइक या डॉक्टरांनी १९५२ मध्ये मांडली. तिच्यात डॉक्टर रुग्णाचे डोळे पाहत असतात. बुबुळे ठरावीक रीतीने थरथरली, तर एमआरआयची गरज सहसा उरत नाही.

त्यानंतर डोके टप्प्याटप्प्याने वळवून कण मूळ जागी नेले जातात. अमेरिकेतील जॉन एपली यांची ही पद्धत १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. अनेकांना एक-दोन वेळांतच आराम पडतो, जरी त्रास पुन्हा उद्भवू शकतो. गोळ्यांनी हे कण हलत नाहीत. प्रोक्लोरपेराझिन मळमळीसाठी दोन-तीन दिवस ठीक, पण महिनोन्‌महिने चालू ठेवल्यास वृद्धांत कंप आणि ताठरपणा येऊ शकतो. आपल्याकडे मानेचा एक्स-रे काढून चक्करेवर स्पॉन्डिलोसिसचा, म्हणजे मणक्यांच्या झिजेचा, शिक्का मारण्याची सवयही जुनी आहे. तसले बदल चक्कर न येणाऱ्या साठीच्या माणसांतही सर्रास आढळतात. मानेचे खरोखरच गंभीर दुखणे असल्यास मात्र ते या उपचाराआधी डॉक्टरांना सांगावे.

चक्करेबरोबर बोलणे अडखळले, एकाची दोन दिसू लागली, एका बाजूची शक्ती गेली किंवा आधाराशिवाय उभेच राहता येईना, तर दवाखान्यात वेळ न घालवता थेट मोठे रुग्णालय गाठावे.