सासूबाई दिवसातून पाच-सहा वेळा मिश्री लावतात, याला व्यसन म्हणायचं का? आणि सोडवायची कशी?

हो ताई, व्यसनच. तुम्ही लिहिलंय की त्या म्हणतात "मी कुठं तंबाखू खाते, दात घासते", अहो मी पण हेच म्हणायचे, एकोणीस वर्षं. आठवीत असताना दाढ ठणकत होती म्हणून आजीने चिमूटभर मशेरी दिली (आमच्याकडे मशेरी म्हणतात), म्हणाली दाबून धर तिथं. पहिल्यांदा असं गरगरलं की उलटीच झाली, आणि महिन्याभरात मी आजीच्या डबीतून चोरून घ्यायला लागले, दाढ दुखायची कधीच थांबली होती तरी.

मशेरी म्हणजे तंबाखूच, तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची आणि चुरायची. आजी भाजायला बसली की शेजारच्या दोन घरांत ठसका लागायचा. बायकांना वाटतं भाजल्यावर त्यातलं वाईट जळून जातं, तसं काही होत नाही, निकोटीन राहतंच आणि जळण्यामुळे कॅन्सर करणारी आणखी द्रव्यं तयार होतात वर. गिळली नाही, थुंकली, तरी हिरडीतून आणि गालातून रक्तात जातंच ते. दंतमंजनात, पेस्टमध्ये तंबाखू घालायला सरकारने १९९२ सालीच बंदी केली, पण घरच्या तव्याला कोण बंदी घालणार.

एक बघा, सासूबाई सकाळी उठल्यावर किती वेळात पहिली लावतात? अर्ध्या तासाच्या आत असेल तर चांगलीच सवय लागलीय समजा. दात घासायला दोन-तीन मिनिटं पुरतात हो, मी जेवण झाल्यावर उंबऱ्यात बसून नुसतं बोट फिरवत अर्धा अर्धा तास काढायचे, घरात कोणी हाक मारली तर तोंडात भरलेलं म्हणून "हं हं" करायचे. "त्याशिवाय पोट साफ होत नाही" हे पण त्या म्हणत असतील, ते खोटं नाही, निकोटीनने आतडी हलतात आणि मग शरीर त्याचीच वाट बघत बसतं.

सोडताना पहिले तीन-चार दिवस फार वाईट जातात, डोकं दुखतं, चिडचिड, झोप नाही, पोट साफ नाही, नंतर दोन-चार आठवड्यांत हळूहळू उतरतं. तलफ येते ती पाच-दहा मिनिटांची असते, तेवढा वेळ मी लवंग धरायचे दाढेत. मला तिसऱ्यांदा जमलं, दुसऱ्यांदा माहेरच्या लग्नात चार बायका डबी घेऊन बसल्या आणि संपलं सगळं. १८००-११-२३५६ ही सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, तिथं लावून द्या फोन. निकोटीनचं च्युइंगम मिळतं पण दात हलत असतील तर चावणार कसं, अंगावर चिकटवायच्या निकोटीनच्या पट्टीचं, म्हणजे पॅचचं, डॉक्टरांना विचारा, बीपी-हार्टचं काही असेल तर आधी ते सांगा. तोंडात पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर मात्र आधी डेंटिस्टकडे न्या, बाकी सगळं नंतर.

आणि तुम्हाला दिवस गेल्यावर कोणी "जरा लाव, मळमळ थांबते" म्हणालं तर अजिबात ऐकू नका, बाळाचं वजन कमी भरतं.

डबी लपवू मात्र नका. आमच्या ह्यांनी लपवली होती, मी वाटीभर साखर मागायच्या निमित्ताने शेजारणीकडे जाऊन तिची लावून आले.