विक्री म्हणजे मागणी नव्हे

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. बायकांच्या चपलांमध्ये ८ नंबर ठेवावाच लागतो असे वडील म्हणतात, आणि तू हौसेने बसवलेले सॉफ्टवेअर त्याला उठावच नाही असे दाखवते. तेव्हा ऐकावे कोणाचे, असे तू विचारतेस. इतक्यात कोणाचेच ऐकू नकोस. तुझा अहवाल विक्रीचा आहे आणि विक्री म्हणजे मागणी नव्हे.

जूनमध्ये ७ नंबरचे १५ जोड गेले आणि ८ नंबरचे ६, एवढ्यावर तू निकाल देऊन बसली आहेस. पण ८ नंबरचे जोड आलेच मुळी ६, आणि ते ६ दिवसांत संपले, हे तूच पाठवलेल्या साठ्याच्या तक्त्यात आहे. ७ नंबर महिनाभर फळीवर होता, म्हणजे दिवसाला अर्धा जोड. ८ नंबर होता तोवर दिवसाला एक. नंतरच्या २४ दिवसांत विचारून पायरी उतरलेल्या बायकांचे बिल फाटले नाही, म्हणून तुझ्या लेखी त्या आल्याच नाहीत. (म्हणून लगेच ३० जोड मागवू नकोस, पगाराच्या आठवड्यातला वेग महिनाभर टिकत नाही.)

दुसऱ्या महायुद्धात अब्राहम वाल्ड यांनी कोलंबिया विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञांच्या गटात हाच प्रश्न सोडवला होता: परतलेल्या विमानांवरच्या गोळ्यांच्या खुणा मोजताना न परतलेल्यांचा हिशेब कसा धरायचा. १९५० साली व्याख्यानांसाठी भारतात आलेला हा माणूस निलगिरीच्या डोंगरात विमान अपघातातच गेला, ही चुटपुट मला अजून लागते. तू त्यांच्याविषयी परीक्षेत लिहिले असशील. दुकानाची पायरी चढताच विसरलीस कशी?

रागावतो आहे, कारण हे मी स्वतः केले आहे. एका पादत्राणे कंपनीत खरेदी पाहत असताना मी संगणकाच्या लांबलचक कागदावर बोट ठेवून मोठे नंबर निम्म्यावर आणले. पुढच्या वर्षी त्यांची विक्री आणखी घटली, आणि माझा अंदाज खरा ठरला म्हणून मी बैठकीत मान ताठ करून बसलो. माल निम्मा केल्यावर विक्री घटणारच, हे तिथे कोणी बोलले नाही. एका दुकानातला म्हातारा सेल्समन परत गेलेल्या गिऱ्हाइकांच्या खुणा कॅलेंडरच्या मागे करत असे. त्याने ते पान मला दाखवले तेव्हा मी हसलो. त्या काळी छापील कागदापुढे सगळेच माना डोलावत, मी एकटा नव्हतो. पण हसलो मात्र मीच.

वडिलांचा अनुभवही तपासून घे. त्यांना हुज्जत घालून गेलेले गिऱ्हाईक आठवते, मुकाट्याने गेलेले आठवत नाही. त्यांची स्मरणवहीसुद्धा अर्धीच भरलेली आहे. तरीही विक्री म्हणजे मागणी नव्हे, एवढे त्यांना तुझ्या आलेखांशिवाय कळलेले आहे.

तेव्हा नवे सॉफ्टवेअर घेण्याचा विचार तूर्त सोड. प्रत्येक नंबर किती दिवस फळीवर होता, हा रकाना आहे त्या तक्त्यात वाढव, आणि गल्ल्याशेजारी एक वही दोरीने पेन्सिल बांधून टांगून ठेव. मागितलेला नंबर नसला की लिहायचा, गर्दी असली तरी लिहायचा. दिवाळीचा माल मागवण्याआधी त्या वहीच्या पानांचे फोटो मला पाठव. अक्षर कसेही असले तरी चालेल.

तुझा,
काका