हवा भरली तरी टायरचा दिवा विझत नाही

प्रश्न : पुण्याहून येताना डॅशबोर्डवर टायरच्या हवेचा पिवळा दिवा लागला. सोलापुरात शिरताच पंपावर चारही चाकांत ३३ पीएसआय हवा भरली, तरी दिवा जात नाही. बॅटरीची वायर काढून पुन्हा लावू का?
– एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : बॅटरीला हात लावू नका. घड्याळाची वेळ जाईल, दिवा मात्र परत लागेल. आधी हवा नीट करा. चार-पाच तास पळून आलेला टायर तापलेला असतो, त्यात भरलेली ३३ सकाळी २८-२९ वर येऊ शकते. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. म्हणून गाडी किमान तीन तास उभी राहिल्यावर, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर भल्या सकाळीच, हवा मोजा. गरम टायरची हवा जास्त दिसली म्हणून कधीही सोडू नका.

स्क्रीनवर प्रत्येक चाकाचा आकडा वेगळा दिसत असेल, तर चाकांत सेन्सर आहेत. अशा बहुतेक गाड्यांत काही किलोमीटर चालवल्यावर दिवा आपोआप जातो. आकडे दिसत नसतील, तर गाडी एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरवरून चाकांचा वेग ताडून पाहते : हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं आणि जास्त फिरतं. इथे रिसेट करावंच लागतं. गाडी उभी ठेवून इग्निशन चालू करा. स्टिअरिंगखालचं बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरा. बटण नसेल तर स्क्रीनच्या सेटिंगमध्ये पाहा. मग अर्धा तास एकसारख्या वेगाने चालवा. सात रस्त्याच्या गर्दीत हे जमत नाही, विजापूर रोडने शहराबाहेर काढा.

रिसेट म्हणजे ‘आत्ताची हवा बरोबर आहे’ असं गाडीला सांगणं. हवा कमी असताना दाबलंत, तर तीच कमी हवा ती प्रमाण मानेल आणि पुढे खरा धोका कळणारच नाही. चाकांची अदलाबदल केल्यावरही रिसेट हवं.

दोन-तीन दिवसांत दिवा पुन्हा लागला, तर बारीक पंक्चर आहे. व्हॉल्व्हवर आणि टायरभर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. चाकात सेन्सर असेल तर पंक्चरवाल्याला आधीच सांगा. टायर सोडवताना व्हॉल्व्हजवळ पहार लागली की सेन्सर तुटतो.

गाडी सुरू केल्यावर दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहत असेल, तर दोष हवेचा नाही, यंत्रणेचा आहे. जुन्या गाडीत बहुधा सेन्सरची बॅटरी संपलेली असते. ती वेगळी बदलता येत नाही. अख्खा सेन्सर बदलून गाडीशी जोडून घ्यावा लागतो.