मित्राच्या नावाने फणस

प्रश्न : आमच्या गल्लीतला मित्र गेला. मराठी असो की कन्नड, कुणाच्याही अडचणीला तो आधी धावायचा, भांडलेल्यांना एका पंगतीला बसवायचा. वर्षश्राद्धाला त्याच्या नावाने झाड लावायचं आहे. कोणतं आणि कसं लावावं? (खानापूर तालुका)

उत्तर : फणस लावा. तुमच्या तांबड्या मातीत तो छान येतो, आणि पिकलेला फणस एका घराला संपत नाही, वाटावाच लागतो. अशा माणसाला याहून शोभणारं झाड आम्हाला सुचत नाही.

तिथी कधीही असो, लागवड जूनमध्ये, चांगले दोन-तीन पाऊस झाल्यावरच करा. घरांपासून 25-30 फूट अंतर सोडा. उन्हाळ्यातच 2 फूट लांब, रुंद, खोल खड्डा खणून तापू द्या; मग माती आणि 2 घमेली कुजलेलं शेणखत मिसळून भरा. रोप वर्षाच्या आतलंच घ्या. फणसाचं सोटमूळ नाजूक असतं. पिशवीत गुंडाळलं गेलं किंवा लावताना तुटलं, तर झाड खुरटतं. म्हणून पिशवी ओढू नका, ब्लेडने चिरा, मातीचा गड्डा फुटू देऊ नका. पाणी साचलं की मुळं कुजतात. बुंध्याशी मातीचा उंचवटा करा. कलमाला साधारण 3-4 वर्षांत फळ येतं, बीच्या रोपाला बरंच उशिरा. गुरांसाठी काट्यांचं कुंपण हवंच.

पहिले दोन उन्हाळे पाण्याची पाळी घरोघर वाटून द्या, नावं-वार लिहून. नावाची पाटी दोन्ही भाषांत, पण खोडाला खिळा न मारता वेगळ्या खांबावर.