वॅटचा आकडा आणि मंद्रातला आवाज

आपण लिहिले आहे की चार हजारांचा मोठ्या वॅटचा स्पीकर-संच घरी आणला, पण वडिलांच्या कॅसेटींवरून उतरवून घेतलेल्या ख्यालगायनात डग्गा तेवढा घुमतो आणि गायकाचे शब्द दबून जातात. आता दुसरा संच घ्यावा की हेडफोन, हा आपला प्रश्न आहे. वाचून हसू आले, कारण इंदूरच्या जेल रोडवरून अशीच वस्तू मीही मोठ्या कौतुकाने रिक्षातून घरी आणली होती.

खोक्यावर २,२०० वॅट असे ठळक छापले होते. शेजारची ‘पीएमपीओ’ ही बारीक अक्षरे वाचली, पण अर्थ विचारला नाही. हा आकडा क्षणभराच्या कमाल शक्तीचा म्हणून सांगतात आणि तो मोजण्याची सर्वमान्य रीतच नाही. सलग मिळणारी शक्ती ‘आरएमएस’मध्ये सांगतात. घरी ॲडॉप्टर उलटा करून पाहिला, तर त्यावर १२ व्होल्ट, २ अँपिअर असे होते. गुणाकार २४ वॅट! ज्याच्या पोटात २४ वॅट जातात, तो सलग त्याहून अधिक देणार कोठून?

तरीही ही फसवणूक लहानच. खरा घात वेगळ्या बास-पेटीने, म्हणजे फक्त खालचे स्वर वाजवणाऱ्या सबवूफरने केला. स्वस्त संचातील समोरचे दोन-अडीच इंची स्पीकर खालचे स्वर पेलत नाहीत, म्हणून ते टेबलाखालच्या पेटीकडे सोपवलेले असतात, आणि पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर बहुधा १०० ते २०० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे नेमका पेटी आणि स्पीकर यांच्या सांध्यावरच पडतो. ख्यालगायक अमीर खाँसाहेबांचे ध्वनिमुद्रण लावले की मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, आवाज टेबलाखाली जाई आणि मध्य सप्तकात टेबलावर येई. ज्यांची विलंबित बढत, म्हणजे संथ लयीतला रागविस्तार, मंद्रातच फुलते, त्यांचे असे दोन तुकडे मला दोन दिवसही ऐकवले नाहीत.

मी ध्वनितज्ज्ञ नाही आणि माझे कान साठीचे आहेत, हे धरून पुढचे वाचावे. गाण्यासाठी बास-पेटी नकोच. खालच्या-मधल्या स्वरांसाठी चार इंची वूफर आणि वरच्या स्वरांसाठी वेगळा ट्वीटर असलेली साधी जोडी घ्यावी, ती कोपऱ्यात न ठेवता भिंतीपासून वीतभर तरी पुढे आणि ट्वीटर कानाच्या उंचीला येईल अशी ठेवावी. जुनी ध्वनिमुद्रणे बहुतेक मोनो, म्हणजे एकाच वाहिनीची असल्याने पाच स्पीकरांचा काही उपयोग नाही. एवढ्या पैशांत चांगली जोडी मिळत नसेल, तर मी डोळे मिटून तारेचा हेडफोन घेईन. मात्र त्याचा विद्युत्-रोध (इम्पीडन्स) ३२ ओहमच्या आसपास असावा. २५० ओहमचे स्टुडिओ हेडफोन नुसत्या फोनवर बहुधा क्षीण वाजतात. दुकानात दुकानदाराने लावलेले गाणे ऐकू नये, आपलेच मुद्रण लावायला सांगावे.

शेवटी बिलाविषयी. आठव्या महिन्यात माझा उजवा स्पीकर मुका झाला. सेवा केंद्राच्या तिसऱ्या खेपेस मला सांगण्यात आले की बिलावर अनुक्रमांक नाही, सबब वॉरंटी लागू नाही. आधीच्या दोन खेपांत ते बिल कोणी उघडूनही पाहिले नव्हते. शेवटी गल्लीतल्या कारागिराने सुटलेला टाका पाच मिनिटांत जोडून दिला. तेव्हा अनुक्रमांक दुकानातच बिलावर लिहून घ्यावा, आणि तरीही कोणी टोलवाटोलवी केली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. मला तो तेव्हा ठाऊक नव्हता.