४ जीबीचा छोटा लॅपटॉप विकायच्या आधी एवढं करून बघा

ताई, विकू नका. निदान आत्ताच नको.

तुमचं म्हणणं मला समजलं ते असं : ११.६ इंची छोटा लॅपटॉप, सेलेरॉन एन४०२० प्रोसेसर, ४ जीबी रॅम (चालू कामाचा माल ठेवायची तात्पुरती जागा), ६४ जीबी स्टोरेज, वर विंडोज ११. मुलगी इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरला, तुम्ही मुक्त विद्यापीठातून बीए करताय, शिवाय बचत गटाचे हिशोब तुमच्याकडेच. आणि तो इतका अडकतो की नाशिकच्या एम.जी. रोडवरच्या दुकानात दाखवला तर ते म्हणाले याच्यात काही दम नाही, द्या आम्हाला, वर पैसे टाका आणि नवीन घ्या. मी सिडकोत आणि सातपूरला ओळखीच्यांचे असे बरेच लॅपटॉप नीट करून दिलेत, म्हणून खात्रीने सांगतो, तुम्ही लिहिलेल्या कामांपैकी बहुतेक सगळी कामं हा लॅपटॉप करेल. फक्त त्याच्यावर काय चालू ठेवायचं ते आपण ठरवायचं, कंपनीने नाही.

आधी अडकतंय कुठे ते बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्सवर जा. लॅपटॉप अडकलेला असतानाच बघायचं, नुसता चालू करून नाही. सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम) आणि डिस्क असे तीन आकडे दिसतील. या लॅपटॉपमधे बहुतेक वेळा सीपीयू ३०-४० टक्क्यांवर निवांत असतो, मेमरी ९० च्या वर आणि डिस्क १०० ला चिकटलेली. म्हणजे दोष प्रोसेसरचा नाही, रॅम भरली की विंडोज जास्तीचा माल डिस्कवर टाकतं, आणि तुमची डिस्क म्हणजे खरी एसएसडी नाही, ईएमएमसी आहे, मोबाईलमधे असते तसली चिप, बोर्डावरच डकवलेली, एसएसडीपेक्षा बरीच हळू. सगळा लॅपटॉप मग तिच्यासाठी थांबून राहतो. मेमरीच्याच पानावर खाली फॉर्म फॅक्टर लिहिलेलं असेल, तिथे ‘रो ऑफ चिप्स’ असं असेल तर रॅम सोल्डर केलेली, म्हणजे बोर्डाला पक्की डकवलेली आहे, वाढवता येणार नाही. ‘एसओडिम’ (काढता-घालता येणारी रॅम) असेल तर मात्र मला सांगा, मग ८ जीबी टाकून प्रश्न बराचसा मिटतो. एन४०२० वाल्या छोट्या मॉडेलमधे बहुतेक सोल्डरच असते, त्यामुळे पुढचं सगळं तसंच धरून लिहितोय.

आता सॉफ्टवेअर निवडताना मी एकच गोष्ट बघतो, बंद केल्यावर ते खरंच बंद होतं का. ही बाब लोक बघतच नाहीत. तुम्ही फुली मारता, खिडकी जाते, पण प्रोग्राम मागे बसून रॅम खात राहतो. क्रोममधे सेटिंग्जमधे सिस्टीम म्हणून भाग आहे, तिथे क्रोम बंद केल्यावरही बॅकग्राउंड अॅप चालू ठेवायचा पर्याय असतो, तो बंद करा. एजमधे तर दोन आहेत, एक तसाच आणि दुसरा ‘स्टार्टअप बूस्ट’, तुम्ही एज उघडत नसलात तरी तो आधीच अर्धा उघडून ठेवतो. दोन्ही बंद. मग टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप अॅप्समधे जा आणि टीम्स, वनड्राईव्ह, प्रिंटरचे मदतनीस, गाणी-बिणी, जे जे रोज सकाळी आपोआप उठतं ते डिसेबल करा. डिसेबल म्हणजे काढून टाकणं नाही, लागेल तेव्हा उघडता येतं, त्यामुळे घाबरू नका. लॅपटॉपबरोबर आलेला ट्रायलवाला अँटीव्हायरस मात्र पूर्ण अनइन्स्टॉल करा, तो गेला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप सुरू होतो आणि घरच्या वापराला तो पुरतो. आणि ते ‘रॅम क्लीनर’, ‘पीसी बूस्टर’ कृपा करून टाकू नका, ते रॅम रिकामी करतात म्हणजे चालू कामाचा माल डिस्कवर ढकलतात, आणि तुमची डिस्कच तर हळू आहे.

ब्राउझर. खरी लढाई इथेच आहे, कारण आजकाल आपण लॅपटॉप वापरतो म्हणजे निम्मा वेळ ब्राउझरच वापरतो. एकच ठेवा, क्रोम आणि एज दोन्ही उघडे नकोत. मी फायरफॉक्स सुचवेन आणि त्याच्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम). जाहिराती आल्याच नाहीत तर त्यांची रॅमही लागत नाही, बातम्यांच्या मराठी साईट उघडून बघा, फरक लगेच कळतो. क्रोमने जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन्स बंद केल्यामुळे तिथे पूर्ण यूब्लॉक चालत नाही, ‘लाईट’ आवृत्ती मिळते, अगदीच क्रोम हवं असेल तर ती टाका आणि परफॉर्मन्समधला मेमरी सेव्हर चालू करा. फायरफॉक्समधे शिफ्ट-एस्केप दाबलं की कुठला टॅब किती रॅम खातो त्याची यादी येते. मुलीला ही यादी एकदा दाखवाच, दहा टॅब उघडे ठेवायची सवय त्याने सुटते.

यूट्यूबवर लेक्चर बघताना अडकतं, आवाज पुढे आणि चित्र मागे, असं तुम्ही लिहिलंय, त्याचं कारण वेगळं आहे आणि बहुतेकांना ते माहीत नसतं म्हणून जरा सविस्तर सांगतो. यूट्यूब एकच व्हिडिओ वेगवेगळ्या कोडेकमधे (कोडेक म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) ठेवतं. तुमच्या एन४०२० मधल्या ग्राफिक्सला एच२६४ आणि व्हीपी९ हे दोन हार्डवेअरमधे सोडवता येतात, म्हणजे सीपीयूला त्रास न देता. एव्ही१ हा नवा कोडेक मात्र त्याला येत नाही, तो आला की सगळं काम त्या दोन कोअरच्या गरीब सीपीयूवर पडतं. व्हिडिओवर राईट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा, कोडेक्सच्या ओळीत ‘एव्ही०१’ दिसलं तर हाच प्रॉब्लेम. ‘व्हीपी०९’ किंवा ‘एव्हीसी१’ दिसलं तर ठीक. त्याच चौकटीत ड्रॉप्ड फ्रेम्सचा आकडा असतो, तो भराभर वाढत असेल तर लॅपटॉपला झेपत नाहीये. उपाय म्हणजे ‘एन्हान्स्ड एच२६४आयफाय’ नावाचं छोटंसं एक्स्टेन्शन, त्यात फक्त एव्ही१ ब्लॉक करायचं, व्हीपी९ राहू द्यायचं. आणि ११ इंची स्क्रीनवर ७२०पी च्या वर जाण्यात काही अर्थ नाही, ४८०पी लासुद्धा फळ्यावरचं नीट वाचता येतं. डाउनलोड केलेले व्हिडिओ असतील तर व्हीएलसी किंवा एमपीव्ही हे प्लेअर. मला एमपीव्ही आवडतो, दिसायला काहीच नाही त्याच्यात, पण हलका आहे.

आता ६४ जीबीचं. यातलं प्रत्यक्ष हातात येतं ५८ च्या आसपास, त्यात विंडोज स्वतःच वीसेक जीबी घेऊन बसतं, वर अपडेटसाठी राखीव जागा ठेवतं. डिस्क काठोकाठ भरली की अपडेट अडकतात आणि लिहिण्याचा वेग अजून पडतो, म्हणून निदान १०-१५ जीबी कायम मोकळी पाहिजे. विझट्री नावाचं छोटं सॉफ्टवेअर घ्या, जागा कुठे गेली ते चौकोनांच्या चित्रात दाखवतं. बहुतेक वेळा डाउनलोड्समधे एकाच पीडीएफच्या चार-चार कॉपी आणि व्हॉट्सअॅपचे व्हिडिओच निघतात. फोटो, लेक्चर, लग्नाचे व्हिडिओ हे सगळं मेमरी कार्डावर. प्रोग्राम मात्र कार्डावर टाकू नका. फाईल शोधायला ‘एव्हरीथिंग’ टाका, नाव टाइप करता करता फाईल समोर येते, विंडोजच्या सर्चची वाट बघत बसायला लागत नाही. आणि मोबाईलमधून लॅपटॉपवर फाईल घ्यायला व्हॉट्सअॅप वेब उघडत असाल तर ते सोडा, लोकलसेंड हे अॅप दोन्हीकडे टाका, घरच्या वायफायवरून थेट जाते फाईल, नेट बंद असलं तरी जाते.

तुमच्या वाचनासाठी सुमात्रा पीडीएफ. मुक्त विद्यापीठाच्या पुस्तकांच्या पीडीएफ ब्राउझरमधे उघडत असाल तर आजपासून बंद करा. सुमात्रा अगदी थोड्या एमबीचं सॉफ्टवेअर आहे, क्षणात उघडतं, आणि पुढच्या वेळी फाईल उघडली की तुम्ही सोडलं होतं त्याच पानावर आणतं. ३०० पानांचं पुस्तक थोडं थोडं वाचणाऱ्याला याच्यासारखं सुख नाही. बचत गटाच्या हिशोबाला लिबर ऑफिस कॅल्क पुरेसं आहे, फुकट आहे, एक्सेलच्या फाईली उघडतं आणि बँकेला द्यायची असेल तर एक्सेलच्याच फॉरमॅटमधे सेव्ह करतं. त्याच्या ऑप्शन्समधे अॅडव्हान्स्डवर जाऊन जावा बंद करा, उघडायला जरा कमी वेळ लागतो आणि हिशोबाला जावा लागतही नाही. मराठी टाइप करायला वेगळं काही डाउनलोड करू नका, विंडोजमधेच भाषेच्या सेटिंगमधे ‘मराठी फोनेटिक’ कीबोर्ड आहे, इन्स्क्रिप्ट येत असेल तर तोही आहे.

मुलीसाठी : सी लँग्वेजला जीनी (कोड लिहायला) आणि जीसीसी (त्याचा प्रोग्राम बनवायला), पायथॉनला थॉनी. व्हीएस कोड छान आहे पण तो आतून ब्राउझरच आहे, रॅमही तशीच घेतो, फर्स्ट इयरला त्याची गरज नाही. मोठा डेटा किंवा मशीन लर्निंगचं काही आलं तर गूगल कोलॅब, तिथे प्रोग्राम गूगलच्या कॉम्प्युटरवर चालतो, फुकट खात्यालाही साधारण १२ जीबी रॅम मिळते, आपला लॅपटॉप नुसता टाइप करायला. मॅटलॅबची प्रॅक्टिकल बरीचशी ऑक्टेव्ह या तशाच सॉफ्टवेअरवर होतात. टू-डी ड्रॉइंगचा सराव लिबरकॅडवर होईल. पण ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स, अँड्रॉइड स्टुडिओ या लॅपटॉपवर होणार नाही, त्यासाठी कॉलेजची लॅब. तिथे हट्ट करू नका, नुसता मनस्ताप होईल. ऑनलाईन लेक्चर असेल तर ते मोबाईलवर लावायचं आणि लॅपटॉपवर फक्त वही किंवा कोड.

काहीही टाकायला गेलं की ‘फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधूनच’ असं येत असेल तर विंडोज एस मोडमधे आहे. स्टोअरमधूनच त्यातून बाहेर पडता येतं, पैसे लागत नाहीत, पण परत एस मोडमधे जाता येत नाही. जायची गरजही नाही.

हे सगळं करून महिनाभर वापरा. तरीही समाधान झालं नाही तर लिनक्स (विंडोजच्या जागी टाकायची फुकट सिस्टीम), आणि माझा कौल लिनक्स मिंटच्या एक्सएफसीई आवृत्तीला. विंडोज ११ नुसतं चालू करून ठेवलं तरी तुमच्या ४ पैकी दोन-अडीच जीबी जाते, मिंट एक्सएफसीई एक जीबीच्या आतबाहेर राहतं. म्हणजे तुम्हाला वापरायला मिळणारी रॅम जवळपास दुप्पट होते, तीही एक पैसा न खर्चता. दिसायला जुन्या विंडोजसारखंच, खाली डावीकडे मेनू, त्यामुळे हात लवकर बसतो. लुबुंटू याहून थोडं हलकं आहे, अँटीएक्स तर दोन जीबीच्या म्हाताऱ्या मशीनलाही उठवतं, पण घरातल्या दोघीतिघींनी वापरायचं असेल तर मिंटच बरं. टाकल्यावर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून ‘झेडरॅम टूल्स’ घ्या आणि त्याच्या सेटिंगच्या फाईलमधे प्रमाण ५० टक्के ठेवा. हे काय करतं तर रॅम भरत आली की जुना माल त्या हळू डिस्कवर न टाकता रॅममधेच दाबून, लहान करून ठेवतं. ४ जीबीवाल्यांसाठी यापेक्षा उपयोगी वस्तू मला माहीत नाही. मराठीचे इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही लेआऊट मिंटमधे मिळतात, फायरफॉक्स आणि लिबर ऑफिस आधीच टाकलेले असतात.

पण आधी पेन ड्राईव्हवरून चालवून बघा, इन्स्टॉल न करता. वायफाय, आवाज, टचपॅड, कॅमेरा, सगळं चालतंय का ते तिथेच कळतं. आणि विंडोजला हात लावायच्या आधी सेटिंग्जमधे ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (डिस्कला कुलूप लावायची सोय) चालू आहे का बघा, असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, नाहीतर बूटच्या (लॅपटॉप सुरू होतानाच्या) सेटिंगमधे काही बदललं की तो की मागतो आणि आपल्याकडे नसते. सगळ्या फाईलींचा बॅकअप बाहेर काढून ठेवा हे वेगळं सांगायला नको. ६४ जीबीत विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, दोघांचीही कुचंबणा होते. आणि घरात कोणाला टॅली लागत असेल किंवा डिजिटल सहीचा डोंगल वापरून टेंडर भरायचं असेल तर विंडोजवरच रहा.

एक नाशिकपुरतं. आपल्याकडे एप्रिल-मे मधे पारा ४० ला टेकतो, आणि या लॅपटॉपमधे बऱ्याचदा पंखाच नसतो. गरम झाला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. गादीवर, उशीवर ठेवून वापरू नका, खाली पाट किंवा स्टीलचं ताट ठेवलं तरी चालतं. दुपारी स्लो आणि रात्री बरा असं होत असेल तर हेच कारण.

आणि वर्ष-दीड वर्षाने मुलीला मोठी सॉफ्टवेअर लागलीच तर पुन्हा सेलेरॉन आणि ४ जीबी नको, दुकानदार कितीही म्हणू दे. ऑफिसवापरातला रिफर्बिश्ड लॅपटॉप बघा, आय५ आठव्या पिढीचा किंवा पुढचा, ८ जीबी रॅम जी वाढवता येते, आणि खरी एसएसडी. कॅनडा कॉर्नर, एम.जी. रोडला विचारलं तर मिळतात, बॅटरी मात्र समोर तपासून घ्या.

आता आज रात्री लॅपटॉप अडकला की टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानाचा मोबाईलने फोटो काढा, आणि प्रोसेसेसमधे मेमरीवर क्लिक करून पहिली दहा नावं दिसतील तोही. दोन्ही इथे टाका, कुठलं बंद करायचं आणि कुठलं ठेवायचं ते नावानिशी सांगतो.